घाटीत पडलेली आणि न फुटलेली गाडी

या अपघाताचे ४२ फोटो माझ्या फाईलमध्ये आहेत. त्यातला ३१ वा फोटो एका बुटाचा आहे. उजव्या पायाचा काळा बूट, ब्रेकच्या पेडलखाली दबलेला. नाडी बांधलेली, गाठसुद्धा नीट. म्हणजे बूट सैल करून पाय सोडवलेला नाही, पाय बुटातून खेचून काढलाय. विम्याच्या कामाला हा फोटो लागत नव्हता, कारण गाडीच्या नुकसानीत बूट धरत नाहीत. तरी काढला.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. देवगड, कणकवली, मालवण, कुडाळ हा माझा पट्टा. ठोकलेली गाडी बघायची, काय मोडलं, कशानं मोडलं, दुरुस्त होईल की टोटल लॉस, एवढं लिहून द्यायचं. हे प्रकरण मात्र नुकसानीच्या आकड्यासाठी लिहीत नाही. त्या रात्री घाटीत दहाबारा माणसं उभी होती आणि त्या सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: पडलेली गाडी फुटते. ती त्यांनी कुठल्या अपघातात पाहिली नव्हती, पडद्यावर पाहिली होती. गावाचं, माणसांचं, कंपनीचं नाव घेत नाही. घाटी मात्र आमच्याकडे कुठेही असते तशीच आहे.

जुलैचा महिना. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे आधीच हळू धावते, त्यात त्या दिवशी मुंबईची गाडी आणखी उशिरा आली. आत्येला आणायला कणकवलीला गेलेला भाचा तिला घेऊन निघाला तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. गाव समुद्राकडचं. सडा, म्हणजे वरचं खडकाळ पठार, संपतो तिथून रस्ता खाडीकडे उतरतो. एका बाजूला चिऱ्याची कापलेली दरड, दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीचा दगडी गडगा, आणि गडग्याखाली भाताचे कुणगे, म्हणजे छोटी खाचरं. वळणावर गुरं बसली होती. त्यानं ब्रेक मारला, दरडीवरून वाहून आलेल्या तांबड्या मातीवर टायर घसरले आणि गाडी गडगा फोडून खाली गेली. पंधरा फूट. नाक कुणग्याच्या बांधावर आपटलं, मग गाडी डावीकडे कलंडून काजूच्या बुंध्याला टेकली. वेळ पावणेदहाची.

भाच्यानं पट्टा लावला होता, पुढच्या दोन्ही एअरबॅगा उघडल्या होत्या. त्याला छातीला मुका मार लागला आणि उजवा पाय पेडलखाली अडकला. आत्या मागे बसली होती, पट्ट्याशिवाय, मांडीवर पिशवी घेऊन. ती दोन सीटांच्या मधल्या फटीत येऊन आदळली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं.

हॉर्न अडकून राहिला होता, त्यानं वाडी जागी झाली. पाच मिनिटांत वर रस्त्यावर माणसं जमली. कोणी छत्री घेऊन, कोणी प्लास्टिकची खोळ पांघरून. खाली एक हेडलाईट चालू, त्याचा झोत केळींच्या पानांवर पडलेला. तडे गेलेल्या काचेवर वायपर करकरत घासतोय. बॉनेटमधून पांढरे लोट येताहेत. हवेत जळका वास. एकजण म्हणाला, “धूर येता बघ. फुटतली!” आणि सगळे दोन पावलं मागे सरले.

यानंतरची वीस मिनिटं मी सहा जणांकडून वेगवेगळी ऐकली, आणि सगळ्यांचं सांगणं जुळतं. १०८ ला फोन लगेच गेला. मग वरून कोणीतरी ओरडलं, “जिवंत आसास काय रे?” खालून उत्तर आलं, “आसंय! पाय अडकलो हा!” त्यावर वरून सल्ला गेला, “हलू नको, गाडी फुटतली!” ज्यानं हा सल्ला दिला त्यानंच मला तो सांगितला. सांगताना तो हसला आणि मग गप्प बसला. पंधरा फुटांवर दोन माणसं गाडीत होती, बोलत होती, आणि खाली उतरायला पायवाट होती. तिच्यावरून रोज बायका कुणग्यात जातात.

साधारण दहा वाजून पाच मिनिटांनी फुटलेल्या हेडलाईटची वायर पत्र्याला टेकली आणि ठिणगी उडाली. “पेटली!” एवढं ऐकल्यावर दोन पोरं पायवाटेनं धावत सुटली. गाडी आता फुटणारच असं दोघांनाही वाटत होतं, तरी गेली. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढे जे झालं त्याचं खापर मी त्यांच्यावर फोडणार नाही. त्यांनी दार उघडलं, भाच्याला काखेत धरलं, तो “पाय, पाय” म्हणत होता, त्यांनी “एक, दोन, तीन” म्हणून ओढलं. पाय आला. बूट राहिला. घोट्याचा सांधा निखळला. त्याला उचलून तीसेक पावलं लांब नेलं, बांधाआड झोपवलं आणि स्वतःही कान झाकून पालथे पडले.

आत्या गाडीतच होती.

तिच्यासाठी परत का गेला नाहीत, असं मी त्यातल्या एकाला विचारलं. बारावीला आहे. म्हणाला, “माणूस भायर काढलो की मागसून लगेच फुटता ना ती.” त्याच्या डोक्यात वेळेचं गणितसुद्धा पडद्यावरचंच होतं. हिरो बाहेर पडतो, चार पावलं टाकतो, मागे भडका. त्या चार पावलांत परत फिरायला जागाच नसते.

सव्वादहाला तात्या आले. सत्तरीच्या घरातले, घोंगडी पांघरून, हातात सेलची बॅटरी. त्यांनी विचारलं, “आत कोण रवला हा?” आत्या म्हटल्यावर ते पायवाटेला लागले. मागून हाका, “तात्यानू, जाव नको, धूर येता!” तात्या खालूनच म्हणाले, “हो धूर नाय रे, वाफ आसा. वास घे. पेट्रोलचो वास येता काय?”

येत नव्हता. वीस-पंचवीस मिनिटांत कोणी नाक वापरलंच नव्हतं.

तात्यांनी आत हात घालून किल्ली बंद केली. वायपर थांबला. आत्या फटीत वाकडी झाली होती, तिला त्यांनी हलवलं नाही. घोंगडी तिच्या अंगावर टाकली, स्वतः उघड्या दारात चिखलात बसले आणि दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून राहिले. ॲम्ब्युलन्स पावणेअकराला आली तोवर तसेच. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की तिच्या मानेच्या मणक्यालाही चीर होती. ओढून काढली असती तर काय झालं असतं यावर डॉक्टर जास्त बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्पॉटला गेलो. पाऊस उघडला होता. गाडी पेट्रोलची, सहा वर्षं जुनी, छोटी हॅचबॅक. बॉनेट उचकटल्यावर पहिल्या नजरेतच उत्तर मिळालं: रेडिएटर मधोमध फुटलेला, खालच्या चिखलात हिरवं कूलंट. चालत्या इंजिनातलं कूलंट शंभर अंशांच्या आसपास असतं आणि दाबाखाली असतं. रेडिएटर फुटला की दाब जातो आणि ते भसकन वाफ होऊन बाहेर पडतं. वर पाऊस पडत होता, तोही तापलेल्या इंजिनावर. पांढरे लोट ते हे. जळका वास एअरबॅगांचा. एअरबॅग हवा भरून फुगत नाही. आत रसायनाची छोटी वडी पेटते, तिच्या वायूनं पिशवी डोळ्याची पापणी लवायच्या आत भरते. मागे फटाक्यासारखा वास आणि पांढरी भुकटी राहते. गाडी नुकतीच ठोकलेली असताना आत धूर दिसतो तो बहुतेकदा ही भुकटीच.

टाकी मागच्या सीटखाली असते, मागच्या ॲक्सलच्या पुढे, चारही बाजूंनी जपलेली. या गाडीची टाकी प्लास्टिकची होती. तिला साधा ओरखडा नव्हता. फिलरचं झाकण घट्ट. पेट्रोलचा पंप तर धडकेनंतर इंजिन थांबलं तेव्हाच थांबलेला.

इथं सर्व्हेचं काम संपलं होतं. तरी मी आठवडाभरानं तात्यांकडे गेलो, कारण हा माणूस घाबरला कसा नाही हे मला कळत नव्हतं. कोरा चहा आला, बरोबर खापरोळी. तात्यांनी सांगितलेलं ऐकून मला आधी हसू आलं आणि मग सगळं प्रकरण उलटं दिसायला लागलं.

तात्या चाकरमानी. मुंबईत मिलमध्ये लागायला गेले, मिल बंद पडली, आणि गाववाल्याच्या ओळखीनं सिनेमाच्या ब्लास्टवाल्याकडे हेल्पर लागले. गोरेगावची फिल्मसिटी, चांदिवली, जिथं फायटिंग असेल तिथं. वीसेक वर्षं त्यांनी गाड्या फोडल्या. त्यांचं म्हणणं एका वाक्यात होतं: “आपसूक फुटाची असती तर आमका पगार कशाक दिलो असतो?”

मग त्यांनी गाडी कशी फोडतात ते सांगितलं, आणि सांगताना हातांनी हवेत गाडी बांधली. आधी भंगारातली गाडी आणायची, वर रंग मारायचा. इंजिन काढायचं, कारण ते उडालं तर कुणाच्या तरी डोक्यात जाईल. पेट्रोलची टाकी सगळ्यात आधी काढायची! जी टाकी फुटते असं लोक समजतात ती सेटवर नसतेच. दारांच्या बिजागऱ्या सैल करायच्या, बॉनेटचे बोल्ट काढून ते नुसतं टेकवून ठेवायचं, म्हणजे उडताना सुटं उडतं. मग आत लोखंडी डबे बसवायचे, तळाशी बारूद, वर प्लास्टिकच्या पिशव्यांत पेट्रोल. बारुदीचं काम फक्त पेट्रोल वर फेकून त्याचा फवारा करायचं आणि पेटवायचं. वायर लांब, बटण उस्तादाच्या हातात. आगीचा बंब उभा, पाण्याच्या बादल्या उभ्या, चार कॅमेरे चालू. “शिट्टी झाली की आमी पळाव.” एवढी तयारी करूनही कधी कधी भडका लहान यायचा आणि दिग्दर्शक शिव्या घालायचा.

त्या भडक्याचा रंगच खोटेपणा सांगतो. नारिंगी-पिवळा, गुबगुबीत, वर काळा धूर. खऱ्या स्फोटकाचा स्फोट असा दिसत नाही. तो क्षणभर चमकतो आणि मागे राखाडी धुरळा राहतो, बघण्यासारखं फारसं काही नसतं. नारिंगी रंग म्हणजे अर्धवट जळणारं पेट्रोल, त्यातली काजळी तापून चमकते. पडद्यावर ते छान दिसतं म्हणून बाँबही पेट्रोलचा, बोटही पेट्रोलची, गोदामही पेट्रोलचंच.

आता पेट्रोलविषयी, कारण सगळी भीती तिथं आहे. पेट्रोल द्रव म्हणून जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि तीही हवेशी ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. हवेत वाफ साधारण दीड टक्क्याच्या खाली असेल तर पेट घेत नाही. साडेसात टक्क्यांच्या वर गेली तरीही घेत नाही, कारण मग हवा पुरत नाही. आपल्याकडच्या उकाड्यात अर्ध्या भरलेल्या टाकीत वरच्या मोकळ्या जागेत वाफ या मर्यादेच्या कितीतरी पुढे असते. तिथं ठिणगी पडली तरी बहुतेकदा काही होत नाही. गॅरेजवाल्यांना हे पुस्तक न वाचता कळलेलं असतं. जुन्या पत्र्याच्या टाकीला वेल्डिंग करायचं तर भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट, म्हणून जाणता मिस्त्री ती धुऊन तिच्यात पाणी भरतो आणि मगच टॉर्च लावतो. रिकाम्या टाकीत उरलेली थोडीशी वाफ आणि भरपूर हवा, हे प्रमाण जमून जातं. सिनेमात भरलेली टाकी फुटते. गॅरेजात फुटली तर रिकामी फुटते.

बंदुकीच्या गोळीचंही तेच. गोळी शिशाची, वर तांब्याचा पत्रा. पत्र्यातून आरपार जाताना ती ठिणग्या पाडत नाही, भोक पाडते. मिथबस्टर्स या टीव्ही कार्यक्रमात त्यांनी खऱ्याखुऱ्या टाकीवर गोळ्या झाडून पाहिल्या, साध्या गोळ्यांनी टाकी फुटली नाही. डिझेल तर आणखी आळशी. नेहमीच्या हवेत त्याची पेटण्याइतकी वाफच तयार होत नाही. आमच्याकडे चुलीत ओली लाकडं पेटवायला रॉकेल नसेल तर लोक डिझेल घालतात आणि काडीवर काडी ओढत बसतात, त्यांना विचारा.

उडत्या गाड्यांचं गणित वेगळं. पंधरा फुटांवरून पडलेली ही गाडी बांधावर आपटली तेव्हा नुसत्या पडण्यानं आलेला वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास होता. कड्यावरून शंभर फूट पडलेली गाडी खाली पोचते ती अडीच सेकंदांत आणि ताशी ८८ किलोमीटरनं. पिक्चरमधली गाडी मात्र आठ-आठ सेकंद पडते, मध्ये हिरॉईनच्या किंकाळीला आणि व्हिलनच्या चेहऱ्यालाही वेळ मिळतो. खरोखर आठ सेकंद पडायचं तर हवेचा अडथळा सोडूनसुद्धा कडा तीनशे मीटरच्या वर लागेल. असा कडा आमच्या किनाऱ्यावर कुठेच नाही, त्यासाठी सह्याद्रीत चढावं लागतं. ही सगळी करामत कॅमेऱ्याची: सेकंदाला १२० चित्रं घ्यायची आणि २४ च्या गतीनं दाखवायची, म्हणजे एका सेकंदाचे पाच होतात. त्यात तीन कोनांतून तेच पडणं तीनदा.

आणि गाडी कोलांट्या घेते तीही आपण होऊन नाही. आजची गाडी बुटकी, रुंद, तिला उलटवणं अवघड. २००६ च्या कसिनो रोयाल या बाँडपटात भारीतली स्पोर्ट्स कार उलटायची होती, आणि उतरत्या फळीवर चढवूनही ती उलटेना. शेवटी गाडीच्या पोटात नायट्रोजनच्या दाबावर चालणारी तोफ बसवली. तोफेनं दांडा जमिनीवर मारला आणि गाडीनं सात कोलांट्या खाल्ल्या. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. आत स्टंटवाला होता, पण पोलादी पिंजऱ्यात, अनेक पट्ट्यांनी बांधलेला, हेल्मेट घालून. तात्यांच्या काळात तोफ साधी असायची, जाड पाईप, आत लाकडाचा ओंडका, खाली बारूद. नाव तेच होतं, कॅनन. ते ‘क्यानॉन’ म्हणतात.

मला हे पिक्चर आवडतात, लपवण्यात अर्थ नाही. गाड्या उडवणाऱ्या हिंदी दिग्दर्शकांत रोहित शेट्टीचं नाव सगळ्यात आधी येतं, त्याचे वडील एम. बी. शेट्टी फाईट मास्टर होते, आणि घरात मी असे पिक्चर लागले की पहिला बसतो. फक्त बसल्या बसल्या डोक्यात क्लेम चालू होतो. दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या पाऊणपटीच्या वर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पहिल्याच वळणावर नऊ गाड्या टोटल. हिरोची तर नामंजूरच, स्वतः होऊन केलेलं नुकसान. एकदा हे मी मोठ्यानं म्हटलं तर बायकोनं रिमोट काढून घेतला.

तेव्हा माझी तक्रार पिक्चरविषयी नाही. तक्रार असलीच तर या एका गोष्टीची, की भीती चुकीच्या ठिकाणी जाऊन बसलीय.

गाड्या पेटतात, नाही असं नाही. मी पेटलेल्या गाड्यांचे सर्व्हे केलेत. धडकून पेटलेल्या त्यात फार कमी. बहुतेक वायरिंगनं. बाहेरून बसवलेले दिवे, मोठा टेप, कुठून तरी फोडून घेतलेली वायर, वर फ्यूजऐवजी तांब्याची तार. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात उंदीर गरम इंजिनाशेजारी मुक्कामाला येतात आणि वायरी कुरतडतात. अशी आग बॉनेटखाली लागते आणि आतपर्यंत यायला काही मिनिटं घेते. तेवढ्यात माणूस उतरू शकतो, दुसऱ्याला उतरवू शकतो. मग गाडी पूर्ण धडाडली की आवाज येतात, ते टायर फुटल्याचे, डिकी उचलून धरणाऱ्या गॅसच्या दांड्या उडाल्याचे, न उघडलेल्या एअरबॅगांचे. लांबून पाहणारा म्हणतो, स्फोट झाला. अशा वेळी लांब उभं राहणंच बरोबर, ती दांडी अंगावर आली तर जीव घेऊ शकते. पण तोवर आत कोणी असता कामा नये.

खरी सिनेमासारखी गोष्ट आमच्या दारावरून रोज जाते, आणि तिला कोणी घाबरत नाही. गॅसचे टँकर. पनवेलहून कन्याकुमारीपर्यंत जाणारा हाच राष्ट्रीय महामार्ग ६६ (आम्ही अजून १७ नंबरच म्हणतो), त्याच्यावर केरळात कण्णूरजवळ चाला इथं २७ ऑगस्ट २०१२ च्या रात्री एलपीजीचा टँकर दुभाजकाला आपटून उलटला, गॅस पसरला आणि पेटला. वीस जण गेले. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत खोलगट भागात साचतो. द्रवाचा वायू झाला की अडीचशे पटींनी पसरतो, आणि दोन टक्के मिसळला तरी पेटायला पुरतो. इथं लांब पळायलाच हवं, तेही वाऱ्याच्या उलट दिशेनं, चढाकडे. पण परवाच्या उन्हाळ्यात आमच्या भागात टँकर कलंडला तेव्हा लोक मोटारसायकली घेऊन बघायला आले होते. घाटीत धावलेल्या दोन पोरांपैकी एकाच्या मोबाईलमध्ये त्याचा व्हिडिओ आहे. त्यानंच मला तो दाखवला, अगदी जवळून घेतलेला. टँकरमधून आग येत नव्हती ना, मग भीती कसली!

पट्ट्याचंही असंच. पडद्यावर हिरो पट्टा लावत नाही, गाडी चार वेळा उलटते, तो दार लाथेनं उडवून बाहेर येतो आणि केस नीट करतो. इथं पट्टा लावलेला भाचा बोलत होता, न लावलेली आत्या मोडली. ४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, म्हणजे कोकणाच्याच वरच्या टोकाला. गाडी सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढची दोघं गंभीर जखमी झाली पण वाचली, मागची दोघं गेली. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. गाडी पेटली नव्हती, स्फोट नव्हता. धडकेनंच माणूस मरतो, भडका लागत नाही. मागच्या सीटवर पट्टा न लावल्याचा दंड हजार रुपये आहे. आमच्याकडे तो ऐकून लोक हसतात.

एवढं लिहून मी थांबणार होतो, पण तात्यांकडून निघताना ते एक बोलले आणि मला पुन्हा दोन-तीन घरी जावं लागलं. ते म्हणाले, सगळे काय फुटण्याकच भियाले नाय.

खरं होतं. दुसऱ्यांदा, एकेकट्याशी बोलल्यावर वेगळं निघालं. एकाला पोलिसांची भीती होती: पहिला हात लावला तर आपणच साक्षीदार, मग कोर्टाच्या फेऱ्या. एकाला वाटलं आपल्या हातात माणूस मेला तर? एकानं सरळ सांगितलं की रक्त बघवत नाही. यातलं काहीही त्या रात्री कोणी बोललं नव्हतं, कारण असं बोलता येत नाही. “गाडी फुटतली” हे बोलता येतं. त्यात लाज नाही, उलट शहाणपण दिसतं. भित्रा न ठरता उभं राहायची सोय त्या वाक्यात होती, आणि ती सगळ्यांना एकदम मिळाली. मला वाटतं सिनेमाच्या भडक्याचं खरं काम त्या रात्री हेच झालं. त्यानं थोड्यांना खरोखर घाबरवलं आणि बाकीच्यांना कारण पुरवलं.

पोलिसांच्या भीतीला आता कायद्यात आधार उरलेला नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १३४-अ हे कलम आलं. चांगल्या हेतूनं अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर दिवाणी की फौजदारी, कुठलीच जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव सांगायची वा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. मी हे त्या तिघांनाही सांगितलं. दोघांनी मान हलवली. तिसरा म्हणाला, “साहेब, ता तुमच्या कायद्यात.”

भाच्याचा घोटा जुळायला चार महिने गेले, अजून चतुर्थीला आरतीला उभं राहताना तो एका पायावर भार देतो. आत्या काठी घेऊन चालते आणि पुढच्या सीटवर बसते, पट्टा लावून, कुरकुरत. त्या दोन पोरांना भाच्यानं घरी जेवायला बोलावलं होतं. घोट्याचा विषय कोणी काढला नाही, बुटाचा फोटो मी कोणाला दाखवला नाही.

गाडी टोटल लॉसमध्ये बसली. भंगारात देण्याआधी गॅरेजवाल्यानं नियमाप्रमाणे टाकी उतरवून रिकामी केली, मी समोर होतो. १९ लिटर पेट्रोल निघालं. भाच्यानं कणकवलीत जाताना जेवढं भरलं होतं त्यातून जाण्यायेण्याचं वजा केलं तर हिशेब बरोबर लागत होता, थेंबही सांडला नव्हता. एका लिटर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते ती ताशी ६० नं आपटणाऱ्या छोट्या गाडीच्या धडकेच्या दोनशे पटींहून जास्त, आणि असे १९ लिटर त्या रात्री मागच्या सीटखाली शांत पडून होते. गॅरेजवाल्यानं ते कॅनमध्ये भरलं. भाचा म्हणाला, कुणाला लागेल त्याला दे. बहुतेक त्या पोरांच्या मोटारसायकलींत गेलं. दोन लिटर तात्यांनी ग्रासकटरसाठी नेलं.